कोंबड्या, घोडे आणि किलोचा हिशोब

कोंबड्या पाळायला किती खर्च येतो, घोडा पाळायला किती, असं कोणी विचारलं की मी पैशात उत्तर देत नाही, किलोत देते. भाव दर हंगामाला बदलतात, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पण जनावराचं पोट सगळीकडे सारखंच. अंड्यावर आलेली एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० ते ४४ किलो. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो, आणि वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतंच म्हणून प्रत्यक्षात रोज दहा किलो तरी गवत धरावं लागतं, वर्षाला साडेतीन टनांच्या वर. म्हणजे एक घोडा खातो तेवढ्यात ऐंशी कोंबड्या जेवतात. आता हे आकडे घ्या आणि तुमच्याकडे गवताचा आणि खाद्याचा जो काय भाव असेल त्याने गुणा, पहिलं खरं उत्तर तिथे मिळतं. खाद्याच्या बाबतीत मिळतं बरं का, पुढचं अजून सगळं शिल्लक आहे.

आणि हेही लगेच सांगून टाकते की जनावर विकत घेतानाची किंमत हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा खर्च असतो. स्वस्तात मिळालेला घोडा आणि महागात मिळालेला घोडा, दोघं गवत तेवढंच खातात, दोघांच्या खुरांना तेवढाच वेळ लागतो, उलट स्वस्तात मिळालेल्याला काही दुखणं असेल तर तो जास्तच खर्च काढतो. लोक घासाघीस करतात ती विकत घेतानाच, आणि गवत कुठे ठेवणार, नाल मारायला कोण येणार, रात्री डॉक्टर मिळेल का, हे विचारायचं राहून जातं. मला तर वाटतं की हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत आणि मगच जनावर बघायला जायचं.

कोंबड्यांचं आधी सांगते कारण ते तुलनेने सोपं आहे.

पिल्लं घेतली तर ती अंडी द्यायला लागेपर्यंत १८ ते २२ आठवडे जातात आणि तोपर्यंत प्रत्येक पिल्लू सहा-सात किलो खाद्य फस्त करतं, वर पहिल्या आठवड्यात ऊब लागते ३५ अंशांची आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं, दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली असतील तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी ठेवून बसली असतील तर तापलीत, आणि सगळीकडे पसरून निवांत असतील तर बरोबर आहे. घरीच अंडी उबवली तर २१ दिवसांनी पिल्लं निघतात पण त्यात निम्म्याच्या आसपास कोंबडे निघणार हे गृहीत धरायचं. त्या कोंबड्यांचं काय करणार हे आधी ठरवलेलं नसेल तर उबवायच्या भानगडीत पडू नये, कारण दोन-चार कोंबड्यांमागे चार कोंबडे ठेवले की माद्यांच्या पाठीची पिसं उडतात, मारामाऱ्या होतात आणि खाद्य तर जातंच. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून सुरुवात करणाऱ्यांनी सरळ तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या घ्याव्यात, महाग पडतात असं वाटतं पण ते सहा-सात किलो खाद्य, ऊब आणि लसी त्या किमतीतच येतात.

खुराड्याचा खर्च एकदाच करायचा असतो म्हणून तो नीट करावा. साधी षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी असते ना, ती कोंबडीला आत ठेवते एवढंच, कुत्रं ती दातांनी फाडतं आणि उंदीर तर भोकातूनच येतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी महाग आहे पण तीच लावावी आणि खाली जमिनीत किंवा बाहेरच्या बाजूला आडवी फूटभर पुरावी, म्हणजे उकरून आत येणाऱ्याला ती आडवी येते. झोपायला बसतात त्या दांड्यावर प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा, चार-पाच जणींमागे अंडी घालायचा एक खण, आणि वरच्या बाजूला हवा खेळायला भरपूर जागा. हवेचं मी मुद्दाम सांगते कारण थंडी वाजेल म्हणून लोक खुराडं चारी बाजूंनी बंद करून टाकतात आणि मग विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो. कोंबड्या थंडी बऱ्यापैकी सोसतात, कोंदट ओलसर हवा सोसत नाहीत. खाली वाकून त्यांच्या डोक्याच्या उंचीवर आपलं नाक न्यायचं, डोळे चुरचुरले की समजायचं की भुसा बदलायला झालाय.

अंड्यांच्या हिशोबाबद्दल मात्र लोकांच्या कल्पना फार गोड असतात. जास्त अंडी देणाऱ्या संकरित जातीची कोंबडी पहिल्या वर्षात २५० ते ३०० अंडी देते, म्हणजे एका अंड्यामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य गेलं. देशी किंवा खुडूक बसणारी जात असेल तर अंडी बरीच कमी पण खाद्य काही त्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद, आणि त्याच काळात नवीन पिसांसाठी तिला चांगलं प्रथिन लागतं कारण पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. नेमकं तेव्हाच लोक अंडी देत नाही म्हणून खुराक कमी करतात, आणि मग ती पुन्हा अंड्यावर यायला आणखी वेळ लावते. दिवस लहान झाले की पण अंडी कमी होतात, १४ ते १६ तास उजेड असेल तर त्या नीट देतात. दिवा लावून उजेड वाढवता येतो, मी स्वतः लावत नाही, थोडी विश्रांती मिळू दे असं मला वाटतं, पण ज्यांचं घर अंड्यांवर चालतं त्यांनी लावला तर त्यात काही वाईट नाही.

कॅल्शियमचं जरा सविस्तर सांगते कारण थोडक्या पैशात सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात, त्यातला मोठा भाग रात्री, जेव्हा कोंबडी काही खात नाही. म्हणजे रात्री पोटात कॅल्शियम नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून काढून कवचाला देते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा आणि तो संध्याकाळी त्यांना मिळेल असं बघायचं, जिला हवा ती बरोबर खाते, खाद्यात कालवून सगळ्यांना जबरदस्तीने देऊ नये. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात घालायचं नाही, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. उन्हाळ्यात कवच पातळ होतं त्याचं कारण मात्र वेगळं, कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते, धापांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. अशा वेळी आणखी शिंपले घालून काही होत नाही, सावली आणि गार पाणी लागतं. पाणी एरवीच खाद्याच्या दुप्पट पितात, उन्हात त्याहून कितीतरी जास्त.

आता जे खर्च कोणी मोजत नाही ते. पहिला उंदीर. खाद्य उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर तुम्ही कोंबड्यांपेक्षा उंदरांना पोसता, आणि ते खातात त्याहून जास्त नासवतात. पत्र्याचा झाकणाचा डबा आणि संध्याकाळी भांडी उचलून ठेवायची सवय, बास. दुसरा लाल गोचिडीसारखा बारीक किडा, लाल माइट म्हणतात तो, तो दिवसा दिसतच नाही, दांड्यांच्या टोकाच्या फटींमध्ये लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. कोंबड्या फिक्या पडतात, संध्याकाळी आत जायला कुरकुरतात, अंडी कमी होतात आणि आपण खाद्य बदलत बसतो. अंधार झाल्यावर टॉर्च घेऊन जायचं आणि पांढरा कागद दांड्याच्या खालून पुसायचा, लाल डाग पडले की कळलं.

तिसरा खर्च लसींचा, आणि त्यात एक अडचण अशी की लसीची कुपी शंभर, पाचशे, हजार डोसची येते, आपल्याकडे असतात दहा कोंबड्या, आणि कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूला जे कोणी पाळतात त्यांच्याशी बोलून एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून लस द्यायची, आम्ही तसंच करतो, खर्च पण वाटला जातो आणि एकाकडचा रोग दुसऱ्याकडे जायची भीती पण कमी होते. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एकदा आली की औषध नाही, कळपच्या कळप जातो, त्यामुळे ही लस वगळून पैसे वाचवणं मला पटत नाही. मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगाची लस तर पहिल्याच दिवशी द्यावी लागते म्हणून पिल्लं किंवा तलंगा घेताना ती दिली आहे का हे विचारून घ्यायचं. आणि अचानक एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर गुपचूप पुरून टाकू नका, पशुवैद्यकीय विभागाला कळवा, बर्ड फ्लू असू शकतो आणि मग तो फक्त तुमच्यापुरता प्रश्न राहत नाही.

घोड्याचं सगळं गणित पोटापासून सुरू होतं. एवढा मोठा प्राणी पण जठर केवढं, आठ ते पंधरा लिटरचं. निसर्गाने त्याला दिवसातले सोळा-सोळा तास थोडं थोडं चरायला बनवलंय आणि त्याच्या जठरात आम्ल सतत बनत राहतं, खाऊ दे नाहीतर न खाऊ दे. लाळ मात्र चावल्यावरच सुटते, आणि लाळच ते आम्ल मारते. म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा पोटभर घातलं की झालं, असं गाईगुरांसारखं चालत नाही, मधल्या रिकाम्या वेळात पोटात अल्सर व्हायला लागतात आणि घोडा लाकूड कुरतडायला, झुलायला, चिडचिड करायला लागतो. लोक म्हणतात घोडा खोडकर आहे, बऱ्याचदा तो नुसता उपाशी असतो. गवत तीन-चार वेळा विभागून किंवा बारीक भोकांच्या जाळीत भरून द्यायचं म्हणजे ते पुरवून पुरवून खातो.

चंदी, म्हणजे घोड्याला घालायचा दाणा, वजनावर द्यायची, डब्यावर नाही. ओट हलके असतात आणि मका जड, त्याच डब्यात मका भरला तर घोड्याच्या पोटात कितीतरी जास्त ताकद जाते. एका वेळेला दोन किलोच्या वर चंदी देऊ नये कारण जास्तीचा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तो पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि तिथून पोटशूळ किंवा खुरांची आग असे दोन्ही रस्ते निघतात. आणि खरं सांगू का, हलकं काम करणाऱ्या बऱ्याच घोड्यांना चांगलं गवत, मीठ आणि थोडे खनिज एवढं पुरतं, चंदी हा माणसाच्या प्रेमाचा खर्च असतो बऱ्याचदा. ते प्रेम खरारा करण्यात घालवावं, घोड्याला ते जास्त आवडतं.

गवत घेताना रंग बघून घेऊ नका, वास घ्या आणि गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून बघा. मधे गरम लागलं किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ते फुकट मिळालं तरी नको. बुरशी लागलेल्या गवताने घोड्याला पोटशूळ होतो आणि फुफ्फुसं कायमची खराब होतात, त्यानंतर आयुष्यभर गवत भिजवून द्यायचं आणि औषधं द्यायची. तेच गवत कोंबड्यांखाली अंथरू असं पण म्हणू नका, बुरशीने कोंबड्यांच्याही फुफ्फुसांची वाट लागते. वर्षभराचं गवत कापणीच्या वेळी एकदम घेतलं तर स्वस्त पडतं पण त्यासाठी साडेतीन टन कोरडं राहील एवढं छप्पर पाहिजे, त्यामुळे छपराचा खर्च हा गवताचाच खर्च आहे असं मी धरते.

पाणी रोज २५ ते ४५ लिटर, काम केलं, घाम आला तर आणखी. नळ पागेपर्यंत आणलेला नसेल तर हे सगळं बादल्यांनी वाहायचं, आणि वाहणारा माणूस दमला की बादली अर्धी भरली जाते, आणि कमी पाणी प्यायलेल्या घोड्याची लीद घट्ट होऊन अडकते. नळाची पाइपलाइन हा चैनीचा खर्च वाटतो पण मी तो सगळ्यात आधी करायला सांगेन, खोगिराच्याही आधी.

खुरांचं तसंच. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच पाहिजे, नाल मारायचे असोत किंवा नुसते खूर कापायचे असोत. वर्षाचे सात-आठ फेरे होतात, आणि हा खर्च पुढे ढकलून वाचत नाही, खुराचं टोक लांब झालं की चालताना मागच्या शिरांवर ताण येतो आणि मग जे लंगडणं सुरू होतं त्यावर नालबंदाच्या वर्षभराच्या पैशांपेक्षा जास्त जातात. रोज हूक घेऊन चारही खूर आतून साफ करायचे, मधला तो मऊ त्रिकोणी भाग काळा पडला, घाण वास आला तर खाली ओल आहे, पागेचा तळ कोरडा करायचा. दात पण सतत वर येत राहतात आणि कडा सुरीसारख्या धारदार होतात, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून घासून घ्यावे लागतात. अर्धवट चावलेल्या गवताच्या गुठळ्या खाली पडलेल्या दिसल्या की दात दाखवायची वेळ झालीय, अशा घोड्याला कितीही चंदी घाला ती अंगाला लागत नाही. जंताचं औषध मात्र आता दर दोन महिन्यांनी डोळे झाकून देऊ नये, लीद तपासून किती अंडी आहेत ते बघून द्यावं, जंतांना त्या औषधांची सवय होत चाललीय आणि तपासणी औषधापेक्षा महाग पण नसते. धनुर्वाताची लस नक्की, घोडा धनुर्वाताला फार नाजूक.

पोटशुळासाठी पैसे बाजूला ठेवलेलेच असले पाहिजेत. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत जे गेलं ते पुढेच जाणार किंवा अडकणार. पायाने जमीन उकरतोय, सारखं मागे वळून पोटाकडे बघतोय, खाली बसतो उठतो, लोळतो, लीद टाकत नाहीये, हे दिसलं की गवत काढून घ्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. निरोगी असताना आपल्या घोड्याची नाडी मोजून लिहून ठेवावी, आरामात असताना मिनिटाला २८ ते ४४ असते, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. फोनवर नाडी साठच्या वर गेलीय, हिरड्या लाल झाल्यात असं सांगता आलं तर डॉक्टर किती घाईने निघायचं ते ठरवू शकतात. डॉक्टर यायच्या आधी स्वतःच दुखणं थांबवणारं इंजेक्शन देऊ नये, दुखणं झाकलं जातं आणि आतडं पिळलंय की नाही ते कळायला उशीर होतो. बहुतेक वेळा औषधाने निभावतं, पण ऑपरेशन लागलं तर त्याचं बिल घोड्याच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. ऑपरेशन करायचं की नाही, किती पैशांपर्यंत करायचं, हे घरात बसून शांतपणे आधी बोलून घ्यावं. घोडा जमिनीवर तडफडत असताना असा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

दोन्ही एकाच आवारात ठेवता येतात का, तर येतात आणि चांगले राहतात. कोंबड्या लीद उकरून त्यातल्या माशांच्या अळ्या खातात, सांडलेली चंदी वेचतात, घोडे त्यांना लवकर सरावतात आणि पायाखाली बघून चालतात. पण त्यातली एक गोष्ट जिवावरची आहे आणि या पूर्ण पोस्टमधलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कोंबडीचं खाद्य घोड्याच्या तोंडात कधीही जाता कामा नये. पिल्लांच्या आणि ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून अनेकदा मोनेन्सिन नाहीतर सॅलिनोमायसिन नावाचं औषध घातलेलं असतं. कोंबड्यांना ते चालतं. घोड्याला मात्र वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिनसुद्धा मारू शकतं, ते हृदयाच्या स्नायूवर जातं, त्यावर उतारा नाही, आणि वाचलेल्या घोड्याचं हृदय कायमचं कमजोर राहू शकतं, वरून धडधाकट दिसतो आणि स्वार पाठीवर असताना कोसळतो.

हे इतकं गंभीर आहे आणि तरीही कोंबड्यांबद्दलच्या गप्पांमध्ये घोड्याचा उल्लेख नसतो आणि घोड्यांबद्दलच्या गप्पांमध्ये कोंबडीचा, त्यामुळे दोन्ही पाळणाऱ्याला कोणी सांगतच नाही. म्हणून आमच्याकडे दोन्ही खाद्यांच्या खोल्या वेगळ्या, माप वेगळं, बादल्या वेगळ्या रंगाच्या, आणि कोंबड्यांचं खाद्य खुराड्याच्या आत, जिथे घोड्याची मान पोचत नाही. घोड्यांचं बघणारे काका तर कोंबडीचं पोतं उचलल्यावर हात धुतल्याशिवाय चंदीला हात लावत नाहीत, आणि मला ते अतिरेकी अजिबात वाटत नाही. खाद्य घेताना पोत्यावरची चिठ्ठी वाचा, औषध नसलेलं मिळत असेल तर तेच घ्या, आणि सुटं खाद्य मिसळून देणाऱ्याकडे विचारा की त्याच मशीनमधून कोंबडीचं औषधी खाद्य निघतं का.

बाकीच्या गोष्टी याहून लहान आहेत. कोंबड्या गव्हाणीत आणि गवताच्या गंजीवर बसून घाण करतात, त्यातून साल्मोनेला जाऊ शकतो, म्हणून रात्री त्यांना पागेत झोपू द्यायचं नाही. तो लाल माइट घोड्यालाही चावतो, घोडा रात्रीच अंग घासतोय आणि दिवसा काही सापडत नाही असं झालं तर शेजारचं खुराडं तपासा. घोड्याला जंताचं औषध दिलं की त्याचा अंश लीदेत उतरतो, तेव्हा थोडे दिवस कोंबड्यांना त्या लीदेपासून लांब ठेवायचं, अंडी आपण खातो ना शेवटी.

लीदेचं बोलायचं तर घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो, वर भिजलेला भुसा वेगळा, वर्षाला सात टनांच्या वर जातं. ती टाकायला जागा नसेल तर ती उचलून न्यायचे पैसे लागतात, आणि जागा असेल तर त्याचंच उत्पन्न होतं. कोंबडीची विष्ठा नायट्रोजनने भरलेली असते, ताजी घातली तर रोपं जाळते, लीद आणि भुसा त्या मानाने सौम्य, दोन्ही थर देऊन रचले आणि ढीग ओलसर ठेवला की आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं आणि फार सुंदर खत होतं. आमच्या सगळ्या खटाटोपात घोड्याकडून पैशाच्या रूपात परत येणारी एवढीच एक वस्तू आहे, आणि मला ती फार आवडते.

वेळ हा खर्च मी मुद्दाम वेगळा धरते. कोंबड्यांना सकाळी पंधरा-वीस मिनिटं आणि संध्याकाळी दार लावायला कोणीतरी घरी, एवढंच लागतं. घोड्याला सकाळी लीद काढणं, पाणी, गवत, खरारा, खूर, फिरवणं, संध्याकाळी पुन्हा तेच, दोन-तीन तास सहज जातात आणि ते सणाच्या दिवशीही जातात, घरात कोणी आजारी असेल त्या दिवशीही. गावाला जायचं तर मागे जनावर कळणारा माणूस पाहिजे, पैसे देऊन ठेवलेला मोतद्दार किंवा विश्वासाचा शेजारी. त्यात घोडा कळपाचा प्राणी, एकटा ठेवला की खंगतो, म्हणजे सोबतीला दुसरा घोडा किंवा निदान गाढव, आणि वर सांगितलेले बरेच आकडे गुणिले दोन. ज्यांना फक्त एकच घोडा परवडतोय त्यांनी तो दुसऱ्यांच्या पागेत, इतर घोड्यांबरोबर ठेवावा, हे माझं ठाम मत आहे.

म्हातारपणाचा खर्च कोणी आधी धरत नाही. कोंबडी दोन-तीन वर्षं भरपूर अंडी देते आणि पुढे आणखी चार-पाच वर्षं जगू शकते, खाद्य तेवढंच. काही जण तेव्हा त्या खातात किंवा विकतात, काही जण सांभाळतात, दोन्ही मला समजतं, फक्त ठरवलेलं असावं. आम्ही सांभाळतो आणि दरवर्षी दोन-तीन तलंगा नव्या आणतो म्हणजे अंडी चालू राहतात. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि शेवटची बरीच वर्षं त्याच्यावर बसता येत नाही, दात झिजतात, गवत चावत नाही, मग भिजवलेला चारा दिवसातून चार वेळा द्यावा लागतो आणि तो तरुण घोड्यापेक्षा महाग पडतो. ज्याने आपल्याला इतकी वर्षं पाठीवर घेतलं त्याला तेव्हा विकून टाकणं मला जमणार नाही, म्हणून महिन्याच्या खर्चातला एक भाग आम्ही त्यासाठी आत्तापासून बाजूला काढतो. शेवटी त्याला शांतपणे झोपवायला डॉक्टर आणि पुरायला मोठा खड्डा, मशीन, पाण्याच्या स्रोतापासून लांब असलेली जागा, तिथले नियम, हेही आधीच विचारून ठेवलेलं बरं.

घोडा घ्यायचा विचार असेल तर आधी एक पूर्ण वर्ष दुसऱ्याच्या पागेत हात लावा, सगळे ऋतू बघा, चिखलात लीद काढा, नालबंद आला की खूर धरून उभे राहा, आणि त्या वर्षात घोड्याचा जो मासिक खर्च निघतो तेवढे पैसे दर महिन्याला बँकेत टाकत जा. वर्षाने ते पैसे तसेच उरले असतील आणि पहाटे उठायचा कंटाळा आला नसेल तर घोडा घ्या, अडीअडचणीचा निधी पण तयार झालेला असेल. कोंबड्यांसाठी एवढं थांबायची गरज नाही. जाळी पुरून झाली, पत्र्याचा डबा आणला, लसीसाठी शेजाऱ्यांशी बोलणं झालं, की चार-पाच तलंगा आणा.